भाडं उशिरा गेलं तर दंड किती? ठाणे–नवी मुंबईतल्या भाडेकरूंसाठी कायदा, हिशेब आणि पत्रव्यवहार

घोडबंदर रोडवरच्या टॉवरपासून घणसोलीच्या गावठाणातल्या खोल्यांपर्यंत, ॲग्रीमेंटच्या शेवटच्या पानावर एक ओळ हल्ली सर्रास दिसते: भाडं पाच तारखेपर्यंत जमा झालं नाही तर दररोज ५०० रुपये दंड. सही करताना ती ओळ कोणी वाचत नाही. एजंट घाईत असतो, टेम्पो खाली उभा असतो. मग एखाद्या महिन्यात पगार लांबतो किंवा घरात दवाखाना निघतो, आणि चौदा तारखेला भाडं पाठवल्यावर घरमालकाचा मेसेज येतो की भाडं मिळालं, आता वरचे साडेचार हजारही पाठवा.

कायद्याने या दंडाला काही मर्यादा आहे का? महाराष्ट्रात ‘लेट फी अमुक टक्क्यांपेक्षा जास्त नको’ असा आकडा सांगणारं एकही कलम नाही. पण घरमालक म्हणेल तो आकडा द्यावाच लागतो, असंही नाही. मर्यादा येते ती तीन ठिकाणांहून: तुमच्या ॲग्रीमेंटमधली अट, भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम ७४, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मधला १५ टक्के व्याजाचा दर. तिन्ही एकत्र ठेवून पाहिलं की बहुतेक प्रकरणांत साडेचार हजारांचा आकडा शे-दीडशे रुपयांवर येतो. कसा, ते क्रमाने पाहू.

आधी ठरवा: तुम्ही भाडेकरू की लायसन्सी?

बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायदा दोन वेगळी माणसं पाहतो, आणि उशिराच्या बाबतीत दोघांचे हक्क एकसारखे नाहीत.

नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत पागडीवर राहणारं कुटुंब, किंवा ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भाडेपावती आहे असे लोक, हे खरे भाडेकरू. त्यांना १९९९ च्या कायद्याचं कलम १५ लागू होतं आणि ते बरंच भक्कम आहे. भाडं थकलं म्हणून घरमालक लगेच दावा लावू शकत नाही. त्याला आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. त्या ९० दिवसांतही भाडं भरलं गेलं नाही आणि दावा लागलाच, तरी दार पूर्ण बंद होत नाही. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं, त्यावर वार्षिक १५ टक्के दराने सरळव्याज, असं कोर्टात भरलं, पुढचं भाडं खटला संपेपर्यंत नियमित भरत राहिलं आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर सोडण्याचा हुकूम होत नाही. म्हणजे प्रकरण कोर्टात जाऊनही उशिराची किंमत विधिमंडळाने वर्षाला १५ टक्के ठरवली. चक्रवाढ तर नाहीच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्सचा. ११, २२, ३३ किंवा फार तर ६० महिन्यांचं ॲग्रीमेंट, डिपॉझिट, अंगठा आणि फोटो. ठाण्यात आणि नवी मुंबईत आज नव्याने भाड्याने जाणारी बहुतेक घरं याच पद्धतीने जातात. कायद्याच्या भाषेत तुम्ही लायसन्सी आणि महिन्याला देता ती लायसन्स फी. कलम १५ चं ९० दिवसांचं संरक्षण तुम्हाला थेट मिळत नाही. तुमची लढाई ॲग्रीमेंट आणि करार अधिनियम या दोन कागदांवर होते. पुढचा बहुतेक भाग तुमच्यासाठीच आहे. ‘भाडं’ आणि ‘भाडेकरू’ हे शब्द मी रोजच्या अर्थाने वापरतो आहे.

एक इशारा मध्येच. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. तो राज्यांपुढे नमुना म्हणून ठेवलेला आहे. एखाद्या राज्याने तो आपल्या विधिमंडळात केला तरच तिथे लागू होतो. व्हॉट्सॲपवर ‘देशभर नवे भाडे नियम लागू, डिपॉझिट फक्त दोन महिन्यांचं’ असे जे मेसेज फिरतात त्यांच्या भरवशावर घरमालकाशी वाद घालायला जाऊ नका. आपल्याकडे विचारायचा कायदा १९९९ चा.

कागद काढा आणि चार गोष्टी शोधा

मूळ नोंदणीकृत ॲग्रीमेंट काढा. एजंटने पाठवलेला कच्चा मसुदा चालणार नाही. दोन्हींत फरक निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत. मग हे शोधा.

देय तारीख कोणती? ‘प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेपर्यंत’ असं असेल तर पाच तारखेची रात्र संपेपर्यंत उशीर नाही. मोजणी सहा तारखेपासून. सवलतीचे दिवस दिले असतील तर मोजणी आणखी पुढे सरकते. भाडं आगाऊ द्यायचं की महिना संपल्यावर, हेही तिथेच कळतं. जून संपल्यावर जूनचं भाडं द्यायचं ठरलं असेल आणि घरमालक पाच जूनपासून दिवस मोजत असेल, तर वाद तिथेच मिटला.

लेट फीची अट मुळात आहे का? पुष्कळ ॲग्रीमेंटांत ती नसतेच. असतं ते इतकंच, की भाडं वेळेवर न दिल्यास महिन्याची लेखी नोटीस देऊन घरमालक लायसन्स रद्द करू शकतो. ते वेगळं हत्यार आहे, आणि त्याच्या जोरावर रोजचा दंड मागता येत नाही. अट नसेल तर ‘आमच्या सोसायटीत सगळे घेतात’ किंवा ‘तोंडी सांगितलं होतं’ यावर दंड उभा राहत नाही. फार तर व्याज अधिनियम १९७८ खाली कोर्ट थकलेल्या रकमेवर व्याज देऊ शकतं, आणि त्याचा कमाल दर बँकांच्या ठेवींच्या व्याजदराशी बांधलेला आहे. घरमालक नऊ दिवसांच्या त्या व्याजासाठी कोर्टात जाणार नाही.

अट कशावर बेतलेली आहे? रोजची ठरावीक रक्कम, महिन्याला अमुक टक्के, की एकरकमी? पुढच्या हिशेबाला हे लागेल.

आणि ॲग्रीमेंट नोंदवलेलं आहे का? याच्यावर जरा थांबू, कारण कोपरखैरणे, तुर्भे, जुहूगाव, दिवा, कळवा अशा भागांत आजही स्टँप पेपरवर नोटरी करून काम भागवलं जातं. ‘११ महिन्यांचं असलं की रजिस्टर करायची गरज नाही’ हा समज इतर काही राज्यांत खरा असेल, महाराष्ट्रात खोटा आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेपट्टा, मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने ते केलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या कामाचं वाक्य मात्र दुसरंच आहे: असा नोंदणीकृत करार नसेल, तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जाईल, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोटरीच्या कागदावर रोज ५०० लिहिलेलं असलं तरी त्या कागदाचं बळ घरमालकाला वाटतं तेवढं नाही.

नोंदणीचा खर्च फार असतो म्हणून टाळतात, असंही नाही. २४,००० भाडं, एक लाख डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर १० टक्क्यांनी काढलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का स्टँप ड्युटी लागते, म्हणजे सातशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. एजंट घेतो ती वरकड निराळी.

दंडाचा वार्षिक दर काढा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच. रोजचे ५०० रुपये ऐकायला किरकोळ वाटतात; ‘पाचशेच तर आहेत, वेळेवर द्या ना’ असं घरमालकही म्हणतो. तो आकडा वर्षाच्या व्याजात बदलला की त्याचं खरं रूप दिसतं.

सूत्र साधं आहे: दंडाची रक्कम भागिले थकलेलं भाडं, गुणिले ३६५, भागिले उशिराचे दिवस, गुणिले १००.

भाडं २४,०००, उशीर नऊ दिवसांचा, दंड रोज ५०० प्रमाणे ४,५००. वार्षिक दर निघतो सुमारे ७६० टक्के. रोज १०० रुपये असते तरी १५२ टक्के. ‘रोज एक टक्का’ म्हणजे वर्षाला ३६५. ‘उशीर झाल्यास सरसकट १,०००’ अशी अट असेल आणि तुम्ही दोनच दिवस चुकला असाल, तर पुन्हा ७६० टक्के. एकरकमी दंडात उशीर जितका थोडा तितका दर चढा, हे इथे कळतं. महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला २४, नऊ दिवसांचे १४२ रुपये. वर्षाला १८ टक्के धरले तर १०७ रुपये. आणि भाडे नियंत्रण कायद्यातल्या १५ टक्क्यांनी मोजलं तर ८९ रुपये.

चार हजार पाचशे विरुद्ध एकोणनव्वद. हा फरक कागदावर मांडून समोर ठेवला की सूर बदलतो. भांडण टाळायचं असेल तरी आधी हा हिशेब करा.

तुलनेसाठी आणखी एक गोष्ट. महावितरणचं बिल देय तारखेनंतर भरलं तर बिलावर सव्वा टक्का विलंब आकार लागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं की कर्जाचा हप्ता चुकल्यावरचा दंड वाजवी हवा, तो कमाईचं साधन नको आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. ही बंधनं घरमालकाला लागू नाहीत. पण ‘उशिराचा वाजवी मोबदला’ म्हणजे साधारण काय, हे दाखवायला ती उपयोगी आहेत.

कलम ७४: लिहिलेला आकडा हे छत आहे

करार मोडल्यास द्यायची रक्कम करारातच लिहून ठेवलेली असेल तर काय, हे करार अधिनियमाचं कलम ७४ सांगतं. करार मोडला गेल्यास दुसऱ्या बाजूला वाजवी भरपाई मिळते, आणि ती लिहिलेल्या रकमेच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे ५०० हा आकडा कमाल मर्यादा. त्याखाली वाजवी किती, ते ठरवायचं काम कोर्टाचं. याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की चुकल्याच्या तारखेपासून व्याज वाढवण्याची अट ही दंडात्मक अट असू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात हे तत्त्व पक्कं केलं, आणि २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात पुन्हा नीट मांडलं: भरपाई नुकसानीसाठी असते, नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं, मोजणं अशक्य किंवा अवघड असेल, तेव्हाच लिहिलेली रक्कम, तीही खरा अंदाज म्हणून ठरवली असेल तर, आधाराला घेता येते.

भाडं नऊ दिवस उशिरा मिळालं, यातलं नुकसान मोजता येतं का? येतं. त्या पैशावरचं नऊ दिवसांचं व्याज. घरमालकाचा गृहकर्जाचा हप्ता याच पैशातून जात असेल आणि खरंच बाउन्स झाला असेल, तर बँकेने लावलेला आकार. मेंटेनन्स उशिरा भरल्यामुळे सोसायटीने लावलेलं व्याज. हे तो बँक स्टेटमेंट किंवा सोसायटीचं बिल दाखवून सांगत असेल तर त्याचं म्हणणं रास्त आहे, आणि तेवढं देऊन टाकावं असं माझं मत. वादासाठी वाद नको. पण हप्ता तीन तारखेला जातो आणि भाड्याची तारीख पाच, असं असेल तर बाउन्सचं खापर तुमच्यावर फुटत नाही.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर: काही जण लेट फीच्या हिशेबात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही, म्हणजे मालक स्वतः घरात राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते शुल्कही, मिसळतात. ते सोसायटी मालकाकडून घेते आणि सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. तुम्ही द्यायचे असं ॲग्रीमेंटमध्ये नसेल तर तुमचा संबंध नाही.

दुसऱ्या बाजूचंही ऐका. कलम ७४ आहे म्हणून अट रद्दबातल झाली, असं समजू नका. अट लिहिलेली, सही केलेली, आणि तुम्ही दर महिन्याला वीस तारीख गाठत असाल, तर कोर्ट तुमच्याकडेही त्याच नजरेने पाहील. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारात लिहिलेली वस्तुस्थिती १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली निर्णायक पुरावा मानली जाते. ‘तारीख पाच नव्हती, दहा होती’ हे तोंडी सांगून चालणार नाही. घरमालकाने आठ महिने उशीर चालवून घेतला, एकदाही दंड मागितला नाही, म्हणून तो कायमचा माफ झाला असंही आपोआप होत नाही. तो मुद्दा तुमच्या बाजूने मांडता येतो, इतकंच.

पैसे पाठवताना काय लिहायचं

वकिलांना ठाऊक असलेली आणि भाडेकरूंना जवळजवळ कधीच ठाऊक नसलेली गोष्ट इथे येते. समजा जूनची लेट फी म्हणून ४,५०० ची मागणी वादात आहे. जुलैच्या पाच तारखेला तुम्ही २४,००० पाठवले. घरमालक म्हणतो, ‘यातले साडेचार हजार मी लेट फीत धरले, जुलैचं भाडं ४,५०० ने कमी आहे, त्यावर आजपासून रोज ५०० चालू.’ या चक्रात तुम्ही दर महिन्याला पूर्ण भाडं देऊनही कायमचे थकबाकीदार राहता.

करार अधिनियमाचं कलम ५९ यातून वाचवतं. पैसे देताना ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे देणाऱ्याने स्पष्ट सांगितलं आणि घेणाऱ्याने ते घेतले, तर त्याच देण्याकडे धरावे लागतात. तुम्ही गप्प राहिलात तर कलम ६० खाली कुठे जमा करायचे हे घेणारा ठरवतो. म्हणून यूपीआय असो वा एनईएफटी, शेऱ्याच्या जागी प्रत्येक वेळी लिहा: ‘जुलै २०२६ चं भाडं’. लगोलग मेसेज टाका: ‘आज पाठवलेले २४,००० रुपये फक्त जुलैच्या भाड्यापोटी आहेत.’ आणि वादातल्या दंडापायी भाड्यातला रुपयाही अडवू नका. भाडं हे निर्विवाद देणं. ते पूर्ण गेलं की उरतो फक्त दंडाचा वाद, आणि त्या वादात तुमचं पारडं जड असतं.

एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. ‘रविवार होता, बँक बंद होती’ हे कारण आता कोणी ऐकणार नाही. तसंच समोरच्याने ‘माझ्या खात्यात दुसऱ्या दिवशी आले’ म्हटलं तर तुमच्याकडचा व्यवहार क्रमांक आणि वेळ दाखवा. रोख देत असाल तर पावती घ्याच. १९९९ च्या कायद्याच्या कलम ३१ नुसार मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणं घरमालकावर बंधनकारक आहे.

पहिला निरोप आणि दुसरं पत्र

पहिला निरोप गोड असावा. ठाण्यात घरमालक बहुतेकदा कोणी निवृत्त काका किंवा एखादी नोकरदार ताई असतात. त्यांनाही कोर्टकचेरी नको असते. व्हॉट्सॲपवर एवढं पुरे:

‘नमस्कार काका. जूनचं भाडं १४ तारखेला गेलं, नऊ दिवस उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. लेट फीचे ४,५०० हे वर्षाला ७६० टक्के व्याज होतं. भाडे नियंत्रण कायद्यात थकबाकीवर वार्षिक १५ टक्के धरलेत, त्या हिशेबाने ८९ रुपये होतात. मी वर्षाला १८ टक्क्यांनी १०७ रुपये आज पाठवतो. उशिरामुळे तुमचा हप्ता बाउन्स झाला असेल तर बँकेचं स्टेटमेंट पाठवा, तो आकारही देईन. पुढच्या महिन्यापासून तारीख ५ ऐवजी १० केली तर दोघांचंही सोयीचं होईल.’

यात चार कामं झाली: उशीर कबूल, हिशेब समोर, खरं नुकसान द्यायची तयारी, आणि पुढची सोय. १५ टक्के लायसन्सीला थेट लागू नाहीत हे आपण पाहिलं. इथे तो दर वाजवीपणाचं माप म्हणून येतो. ‘कायद्याने तुम्ही १५ च घेऊ शकता’ असं मात्र लिहू नका, ते खरं नाही आणि समोर वकील असेल तर पहिल्या फेरीतच पकडेल.

निरोपाने भागलं नाही तर कागदी पत्र, स्पीड पोस्टने आणि पोचपावतीसह. भाषा कोरडी ठेवा. ॲग्रीमेंटची तारीख आणि दस्त क्रमांक, देय तारीख, पैसे गेल्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक, मागितलेला दंड, त्याचा वार्षिक दर, आणि पुढचं वाक्य: ‘सदर मागणी भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईपेक्षा जास्त असल्याने अमान्य आहे, प्रत्यक्ष नुकसानीचा पुरावा दिल्यास तेवढी रक्कम देण्यास मी तयार आहे.’ पत्रात ॲग्रीमेंट खोटं आहे, सही जबरदस्तीने घेतली, असे नवे वाद उकरून काढू नका.

भाडंच घेत नाही, पाणी तोडतो, कुलूप लावतो

दंड दिला नाही म्हणून भाडं नाकारायचं आणि मग थकबाकीदार ठरवायचं, हा जुना डाव. ज्या खात्यावर आजवर पैसे गेले त्याच खात्यावर तारखेला पाठवत राहा. खातं बंद असेल तर चेक स्पीड पोस्टने पाठवा. पाकीट परत आलं तर फोडू नका, तसंच जपून ठेवा. तुम्ही द्यायला तयार होता याचा तो पुरावा.

वीज, पाणी, लिफ्ट, जिन्यातले दिवे अशा अत्यावश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडायला १९९९ च्या कायद्याचं कलम २९ मनाई करतं. भाडेकरू कोर्टाकडून त्या पुन्हा सुरू करण्याचा आदेश मागू शकतो. तुम्ही घरात नसताना कुलूप बदललं किंवा सामान बाहेर काढलं, तर आधी फोटो आणि व्हिडिओ, मग जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार आणि तिची पोच, आणि त्याच दिवशी वकील. लेट फी थकली हे कोणालाही हाताने घराबाहेर काढायचं कारण होऊ शकत नाही.

मुदत संपल्यावर गणित उलटतं

इथे भाडेकरू गाफील राहतात. ॲग्रीमेंटची मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही, आणि तुम्ही घर सोडलं नाही, तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. २४,००० चे ४८,०००. हा आकडा थेट कायद्यात लिहिलेला असल्यामुळे ‘अवाजवी दंड’ हा युक्तिवाद इथे कामाला येत नाही. घर खाली करून घेण्यासाठी घरमालकाला दिवाणी कोर्टाची लांब वाटही धरावी लागत नाही. तो कोकण विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो. तिथलं समन्स आलं तर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मुदत चुकली की बोलायची संधी जवळपास संपते.

काही एजंट हेच दुप्पट भाडं मुदतीच्या आत झालेल्या उशिरालाही लावून दाखवतात. ते चूक. चालू ॲग्रीमेंटमध्ये दहा दिवस उशीर आणि संपलेल्या ॲग्रीमेंटनंतर दहा दिवस मुक्काम, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

नोटीस आली, कोर्ट कुठलं?

वकिलाची नोटीस आली की घाबरून पैसे भरू नका आणि दुर्लक्षही करू नका. तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. मुंबईत अशा भाडेवादांसाठी लघुवाद न्यायालय आहे. आपल्याकडे ते सहसा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यापुढे जातात. ठाणे शहरासाठी ठाणे, ऐरोली ते बेलापूर पट्ट्यासाठी बेलापूरचं न्यायालय. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे आपण नवी मुंबई म्हणत असलो तरी जिल्हा रायगड. तिथल्यांनी पनवेलला जायचं. पत्त्यावरून वकील गाठताना हा घोळ नेहमी होतो.

काही हजारांसाठी दावा लढणं दोघांनाही परवडत नाही. त्यापेक्षा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (दावा लावण्याआधीचं) प्रकरण म्हणून अर्ज द्या आणि लोकअदालतीत बसून मिटवा. कोर्ट फी नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असलेल्यांना मोफत वकीलही मिळतो. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

नवं ॲग्रीमेंट करताय?

अंगठा देण्याआधी एजंटकडून मसुदा मोबाइलवर मागवा आणि सगळ्यात आधी शेवटच्या ‘इतर अटी’ वाचा. रोजचा दंड तिथेच लपलेला असतो. अट काढून टाका म्हणण्यापेक्षा बदला म्हणा, घरमालक लवकर मानतो. अशी:

‘लायसन्स फी दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत देय राहील. त्यानंतर ५ दिवसांची सवलत राहील. त्यापुढे झालेल्या उशिरासाठी थकलेल्या रकमेवर वार्षिक १८ टक्के दराने सरळव्याज, प्रत्यक्ष उशिराच्या दिवसांपुरते, आकारले जाईल. याखेरीज कोणताही दंड आकारला जाणार नाही.’

पगार सात तारखेला होत असेल तर पाच तारीख कधीही मान्य करू नका. अर्धे वाद तिथेच जन्मतात.

डिपॉझिटचंही याच वेळी लिहून घ्या: कोणतीही कपात करण्याआधी लेखी हिशेब द्यावा लागेल. कारण लेट फीचा खरा वाद बहुधा घर सोडताना उठतो. वर्षभर कोणी काही बोलत नाही, आणि किल्ली दिल्यावर कळतं की एक लाखातले अठरा हजार ‘जुने लेट पेमेंट’ म्हणून कापले. तेव्हा प्रत्येक महिन्याचा भाड्याचा व्यवहार, तारीख आणि शेरा असलेलं बँक स्टेटमेंट काढून वरचंच गणित मांडायचं, कपातीचा महिनावार तपशील लेखी मागायचा, आणि उत्तर आलं नाही तर परताव्यासाठी नोटीस द्यायची. पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. घरमालकालाही तेच बंधन. तीन वर्षांपूर्वीच्या थकलेल्या भाड्यासाठी तो आज दावा लावू शकत नाही.